धंद्याचें नांव आणि धंद्यांतील काम

दहावीचा निकाल लागला म्हणजे पुढील आठपंधरा दिवस आमच्या शाळेच्या कचेरीपुढील बांक रिकामा म्हणून रहात नाहीं. कोणी पालक मुलास बरोबर घेऊन येतात, कोणी त्याला घरीं ठेवून एकटेच येतात; पण सर्वांचा प्रश्न एकच असतो : ‘सर, ह्याला पुढें काय करूं द्यावें ?’ ह्या प्रश्नास आजवर मीं जीं उत्तरें दिलीं त्यांतील बरींचशीं चांगलीं निघालीं, कांहीं वाईट निघालीं. एका वाईट निघालेल्या उत्तरापासूनच लेखास आरंभ करणें मला अधिक प्रामाणिकपणाचें वाटतें.

सुमारें बारा वर्षांपूर्वीं एक गृहस्थ आपल्या मुलास घेऊन आले. ते स्वतः एका कारखान्यांत फिटर होते. मुलाला भाषांत बेताचे गुण होते, भूमितींत मात्र चांगले होते. आणि शाळेच्या संमेलनाचा रंगमंच उभारणें असो कीं वर्गांतलें डुगडुगणारें टेबल नीट करणें असो, त्याच्यावांचून आमचें पान हलत नसे. वडील म्हणाले, ‘सर, पोरगा म्हणतो आय. टी. आय. मध्यें सुतारकाम शिकतों. तुमचें मत काय ?’ मीं क्षणभरही न थांबतां म्हटलें, ‘दहावी झालेल्या मुलानें सुतारकाम ? वाणिज्य शाखेंत घाला. बँकेंत कोठें तरी लागेल.’ बँकेंतला मनुष्य दिवसभर नेमकें काय करतो हें मला माहीत नव्हतें. सुतार काय करतो हेंही माहीत नव्हतें. मला फक्त दोन नांवें ठाऊक होतीं, व त्यांतलें एक कानाला बरें लागत होतें. मुलगा बारावींत दोनदां नापास झाला आणि अखेरीस एका फर्निचरच्या कारखान्यांत हेल्पर म्हणून राहिला. आतां त्याचें चांगलें चाललें आहे, पण तीं वर्षें गेलीं तीं गेलीं. मध्यंतरीं बाजारांत भेटला तेव्हां रागानें नव्हे, अगदीं सहज म्हणाला, ‘सर, जिन्याखालचें कपाट बसवायचें तर केवढी भूमिति लागते ! तेव्हां आपल्या दोघांपैकीं कोणालाच माहीत नव्हतें.’

त्या दिवसापासून मी धंद्यांविषयीं जें मिळेल तें वाचूं लागलों. अशा वाचनांत जें साधन मला सर्वांत उपयोगी पडलें त्याची ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी असा ह्या लेखाचा हेतु आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मजूर खात्यानें तयार करविलेला हा व्यवसायांचा माहितीकोश असून त्यास थोडक्यांत ‘ओ-नेट’ म्हणतात. तो इंग्रजींत आहे, फुकट आहे, आणि संगणकावर किंवा साध्या मोबाईलवरही कोणास उघडतां येतो. परंतु उघडणें निराळें आणि वाचतां येणें निराळें. पंचांग घरोघरीं असतें. तें पाहतां येणारा घरांत एखादाच असतो.

प्रथम ह्या कोशाचें कुळ सांगतों, कारण त्यावरून त्याचा स्वभाव कळेल. १९२९ नंतरच्या मंदींत अमेरिकेंत बेकारी इतकी वाढली कीं १९३३ च्या सुमारास चार कामकऱ्यांपैकीं जवळजवळ एक रिकामा होता. त्याच सालीं कायदा होऊन सरकारी नोकरी-विनिमय खातें नव्यानें उभें राहिलें. त्या खात्याच्या कचेरींत खिडकीपाशीं बसणाऱ्या कारकुनाची अडचण अशी कीं, समोरचा मनुष्य आपल्या धंद्याचें जें नांव सांगे त्याचा अर्थ एका गांवीं एक, तर दुसऱ्या गांवीं दुसराच. एकाच कामाला दहा नांवें आणि एकाच नांवाखालीं दहा कामें ! तेव्हां सरकारनें माणसें कारखान्यांत, गिरण्यांत, दुकानांत पाठविलीं. त्यांनीं लोकांस काम करतांना पाहून टिपणें केलीं. आणि १९३९ सालीं ‘डिक्शनरी ऑफ ऑक्युपेशनल टायटल्स’, म्हणजे धंद्यांच्या नांवांचा कोश, प्रसिद्ध झाला. त्याची चौथी आवृत्ति १९७७ सालीं निघाली व १९९१ सालीं ती सुधारली. तींत बारा हजारांवर धंद्यांचीं वर्णनें होतीं, आणि प्रत्येक धंद्याच्या नऊ आंकडी क्रमांकांतील मधले तीन आंकडे फार मौजेचे होते. त्यांपैकीं पहिला आंकडा त्या धंद्याचा माहितीशीं, दुसरा माणसांशीं व तिसरा वस्तूंशीं किती गुंतागुंतीचा संबंध येतो तें दाखवी. कोणतेंही काम घ्या. तें ह्या तिहींपैकीं कशाशीं अधिक जडलेलें आहे, एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ धुकें निवळतें.

ह्या जुन्या कोशांत एक उणीव होती. प्रत्येक धंद्याचें वर्णन स्वतंत्र वाक्यांत लिहिलेलें असल्यामुळें दोन धंद्यांची तुलना करणें कठीण पडे. गवंड्याविषयीं एक गोष्ट सांगितली आणि परिचारिकेविषयीं दुसरीच, तर दोघांना एका तागडींत घालावें कसें ? शिवाय धंदे बदलत चालले, नवे निघूं लागले, आणि छापील ग्रंथ मागें पडूं लागला. म्हणून १९९८ सालीं ओ-नेट पुढें आलें. त्याची मुख्य युक्ति इतकीच कीं, सर्व धंद्यांना तेच प्रश्न विचारावयाचे. २०१९ च्या वर्गीकरणांत १,०१६ धंदे असून त्यांपैकीं ९२३ धंद्यांविषयीं तपशीलवार माहिती गोळा केली जाते. ती कोणी घरबसल्या लिहीत नाहीं. निरनिराळ्या संस्था व दुकानें निवडून तेथें प्रत्यक्ष काम करणाऱ्या लोकांस प्रश्नावलि पाठवितात. कांहीं धंद्यांत त्यांतील जाणत्यांस विचारतात. आणि कौशल्यें व अंगचीं सामर्थ्यें ह्यांचे आंकडे त्याच माहितीवरून शिकविलेले परीक्षक ठरवितात.

आतां प्रश्न कोणते तें पाहूं. ३५ कौशल्यें, ३३ ज्ञानाचे विषय आणि ५२ सामर्थ्यें, अशा मिळून १२० बाबी प्रत्येक धंद्याला लावून पाहिलेल्या आहेत. ह्यांतील भेद ध्यानांत घ्यावा. सामर्थ्य म्हणजे जें पुष्कळसें अंगांत असतें व हळूहळू वाढतें. जसें हात न कांपणें, दूरचें नीट दिसणें, पुष्कळ वेळ श्रम सोसणें. ज्ञान म्हणजे शिकलेला विषय. जसें बांधकाम, वैद्यक, हिशेब. कौशल्य म्हणजे शिकलेलें व करून करून हातीं आलेलें; जसें लक्ष देऊन ऐकणें, बोलून समजावणें, बिघाड शोधून काढणें. आमच्याकडे ‘हुशार’ व ‘सामान्य’ ह्या दोनच खणांत मुलें घालण्याची रीति आहे. जेथें १२० खण आहेत तेथें तिचें कसें व्हावें ?

प्रत्येक कौशल्यास दोन आंकडे दिलेले असतात, आणि बहुतेक वाचक येथेंच चुकतात. एक आंकडा महत्त्वाचा : हें कौशल्य त्या धंद्यांत कितपत लागतें, तें १ ते ५ मध्यें. दुसरा पायरीचा : किती खोल लागतें, तें ० ते ७ मध्यें. वाचण्याच्या सोईसाठीं दोन्ही पुष्कळदां शंभरावर आणून दाखवितात, त्यामुळें घोटाळा अधिकच होतो. उदाहरणार्थ गणित घ्या. गिऱ्हाइकास मोड परत देतांना पैसे मोजणें ही दुसरी पायरी. बांधल्या जाणाऱ्या नव्या घराचें क्षेत्रफळ काढणें ही चौथी. यंत्रविद्येंतील अडचण सोडविण्यासाठीं तिची गणिती प्रतिकृति बनविणें ही सहावी. बोलण्याचेंही तसेंच. प्रवाशांचें स्वागत करून प्रेक्षणीय स्थळें दाखविणारा दुसऱ्या पायरीवर, उमेदवाराची मुलाखत घेणारा चौथीवर, आणि सर्वोच्च न्यायालयापुढें दावा चालविणारा सहावीवर. दुकानदारास मोड देणें दिवसांतून शंभर वेळां लागतें. म्हणजे महत्त्व मोठें, पायरी लहान. ‘मला गणित येत नाहीं’ असें म्हणणाऱ्या मुलास म्हणूनच माझा पहिला प्रश्न असतो : ‘बाबा, कोणत्या पायरीचें येत नाहीं ?’

परंतु मला विचाराल तर ह्या कोशाचा सर्वांत वाचनीय भाग आंकड्यांचा नव्हे. कामाच्या परिस्थितीचा आहे. ह्यांत पन्नासांहून अधिक प्रश्न आहेत, आणि मुलगा सासरच्या मंडळींना विचारतो तसे ते नसून मुलीची आई विचारते तसे आहेत. दिवसांतला किती वेळ उभें रहावें लागतें ? उन्हापावसांत काम करावें लागतें काय ? उंचावर चढावें लागतें काय ? रोगाचा संसर्ग होण्याचा संभव किती ? रागावलेल्या माणसांशीं गांठ पडते काय ? आपल्या हातून चूक झाली तर परिणाम किती गंभीर ? घाई किती ? तंतोतंतपणा किती ? धंदा निवडतांना पगाराची चौकशी सगळेच करतात. पण जो मनुष्य रागीट गिऱ्हाइकापुढें तोंड उघडूं शकत नाहीं, त्याचें दुःख पगार थोडेंच दूर करणार!

आतां उदाहरण म्हणून परिचारिकेची नोंद उघडूं. आमच्या मुलींपैकीं पुष्कळ ह्या सेवेंत जातात, आणि घरच्या मंडळींच्या मनांत ‘सुई टोंचणें व पट्ट्या बांधणें’ एवढेंच तिचें चित्र असतें. कोशांत कामांच्या यादींत औषधें देणें आहेच. परंतु रोग्याच्या स्थितींत पडलेला फरक ओळखणें, टिपून ठेवणें आणि योग्य त्या माणसास कळविणें ह्याला तेथें मोठें स्थान आहे. कौशल्यांत लक्ष देऊन ऐकणें, समोरच्याची मनःस्थिति ओळखणें, इतरांच्या कामाशीं आपलें काम जुळवून घेणें हीं वरच्या जागीं आहेत. ज्ञानांत वैद्यकाबरोबर मानसशास्त्र आहे. ज्या मुलीस रक्त पाहून भय वाटत नाहीं पण लोकांचें ऐकून घेण्याचा कंटाळा आहे, तिनें हें पान दोनदां वाचावें. उलट, विज्ञानांत फार गुण नसले तरी आजारी आजीजवळ बसून तिच्या बोलण्यांतला फरक जिला सर्वांआधीं कळतो, तिनेंही वाचावें.

आणि सुतार ? येथें कोशानें माझें अज्ञान दुसऱ्यांदां उघडें केलें. अमेरिकेंत पुष्कळ घरांचा सांगाडाच लांकडाचा असतो. म्हणून तेथील सुतार बांधकामाच्या वर्गांत, ४७ ह्या आंकड्याखालीं आहे. तर कपाटें व फर्निचर करणारा कारागीर उत्पादनाच्या वर्गांत, ५१ खालीं आहे. आमच्या एका ‘सुतार’ शब्दाचे तेथें दोन धंदे झाले ! दोहोंत मापें घेणें, नकाशा वाचणें, कापून जुळविणें आहे. पण एक उघड्यावर व उंचावर चढतो, दुसरा यंत्रापाशीं उभा राहतो. माझा तो विद्यार्थी दुसऱ्या प्रकारचा, हें नोंद वाचून मला कळलें. गणित दोघांनाही सोडीत नाहीं.

कोश उलट्या बाजूनेंही वाचतां येतो. धंद्याचें नांव ठाऊक नसेल तर आपल्यापाशीं असलेलीं कौशल्यें निवडावीं. तीं ज्यांत लागतात असे धंदे समोर येतात. त्याचप्रमाणें ६० लहान प्रश्नांची आवडनिवडीची एक चाचणी आहे. जॉन हॉलंड ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५९ सालापासून जी उपपत्ति मांडली तिच्या आधारें ही चाचणी माणसाच्या आवडी सहा प्रकारांत पाहते : हातानें व हत्यारानें करण्याची, शोध घेण्याची, कलेची, लोकांस साह्य करण्याची, पुढाकार घेऊन व्यवहार करण्याची, आणि व्यवस्थेनें नोंदी ठेवण्याची. ही परीक्षा नव्हे. हींत पास नापास नाहीं. ‘तुझी आवड अमुक निघाली, आतां हेंच कर’ असें जो पालक म्हणेल त्यानें चाचणीचा अर्थच बुडविला. चौदाव्या वर्षींची आवड अठराव्या वर्षीं तीच राहते असें नाहीं.

तयारीच्या दृष्टीनें सर्व धंदे पांच गटांत वांटले आहेत. पहिल्या गटांतील काम थोड्या दिवसांत शिकतां येतें. तिसऱ्यास साधारण एकदोन वर्षांचें धंदेशिक्षण किंवा उमेदवारी लागते. चौथ्यास बहुधा पदवी. पांचव्यास पदवीच्याही पुढचा अभ्यास. मुलें गट पाहून धंद्याची योग्यता ठरवूं लागतात. तो गट तयारीस किती काळ लागतो एवढेंच सांगतो.

आतां सावधगिरीच्या गोष्टी. आणि त्या पालकांनीं विशेष ध्यानीं घ्याव्यात. ह्या कोशांत जो पगार दिसतो तो अमेरिकेंतील आहे, आणि ‘पुढें मागणी वाढेल’ अशी जी खूण कांहीं धंद्यांपुढें असते तीही तेथीलच. ती पाहून येथें मुलाचें नांव घालणें म्हणजे मुंबईच्या भरतीओहोटीचें कोष्टक पाहून पंढरपुरास नाव सोडण्यासारखें आहे. शिक्षणाच्या अटी व परवाने ह्यांचेंही तसेंच. आमच्याकडे परिचारिका होण्यास ठरलेला अभ्यासक्रम व परिचर्या परिषदेकडील नोंदणी लागते. वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन होण्यास आय. टी. आय. चा मार्ग आहे, व इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. ही चौकशी येथील संस्थेंतच करावी. मग अमेरिकेच्या कोशाचा आम्हांस उपयोग काय ? उपयोग हा कीं, रोग्याची नाडी, लांकडाचा कोपरा आणि विजेची तार ह्यांना देश नसतो. पगार व परवाना देशागणिक बदलतो. काम पुष्कळसें तेंच राहतें.

आपल्या देशाचेंही व्यवसायांचें वर्गीकरण आहे. तें १९५८ सालीं निघालें व १९६८, २००४ आणि २०१५ ह्या सालीं नवें झालें. २०१५ च्या वर्गीकरणांत प्रत्येक धंद्यास आठ आंकडी क्रमांक असून पहिले चार आंकडे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाशीं जुळविले आहेत. सुतारांच्या कुटुंबाचे चार आंकडे ७११५. केंद्र सरकारच्या मजूर खात्यानें २०१५ सालीं ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ हें संकेतस्थळही सुरू केलें. आपल्या वर्गीकरणांत प्रत्येक धंद्यांत काय करावें लागतें तें थोडक्यांत दिलें आहे. पण १२० बाबींची पायरीपायरीनें केलेली तुलना तेथें मिळत नाहीं. म्हणून मी दोन्ही शेजारीं ठेवून वाचतों : काम समजून घ्यावयास तो, आणि वाट शोधावयास हें.

एक गोष्ट लिहावी कीं न लिहावी असें बराच वेळ वाटत होतें, पण लिहितों. त्या कोशांत कौशल्याचा रकाना आहे, ज्ञानाचा आहे, उभें राहण्याच्या तासांचाही आहे. पण हें काम कोणाच्या मुलानें करावें हा रकाना नाहीं. आमच्याकडे सुतार, लोहार, कुंभार, चांभार हीं कामाचीं नांवें आधीं कीं माणसांचीं आधीं, हें सांगतां येऊं नये अशी स्थिति शतकानुशतकें होती. आणि जीं कामें कांहीं घराण्यांच्या माथीं मारलीं त्यांत कौशल्य असतें हें मान्य करण्याचें सौजन्यही समाजानें दाखविलें नाहीं. मीं त्या मुलास सुतारकामापासून परतविलें तेव्हां माझ्या मनांत हीच जुनी उतरंड होती, हें आज कबूल करतों. चामड्याचें काम करणाऱ्या कारागिराच्या नोंदींत शांतपणें लिहिलेलीं कामें, हत्यारें व सामर्थ्यें वाचीत असतांना मला आपल्या गांवांतील एका वृद्ध कारागिराचे हात आठवले. त्यांस आम्ही मुलें कधीं कौशल्य म्हणालों नव्हतों.

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत मीं एक पाठ करून पाहिला. मुलांनीं घरांतील एका मिळवत्या माणसाची मुलाखत घ्यावयाची, आणि कोशांतील प्रश्नांपैकीं वीस निवडून त्यांचीं उत्तरें तशाच आंकड्यांत लिहावयाचीं. मीं स्वतः आधीं शिक्षकाची नोंद वाचून दाखविली. तींत नियम घालून ते पाळविणें आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी बिनचूक ठेवणें हीं कामें ऐकून वर्ग हंसला, व निरनिराळ्या विद्यार्थ्यांच्या गरजेप्रमाणें शिकविण्याची पद्धति बदलणें हें काम ऐकून माझ्याकडे पाहूं लागला. तें पाहणें मला थोडें जड गेलें.

वह्या आल्या त्यांत एका मुलीची वही आईच्या धंद्यावर होती. आई भाजी विकते. मुलीनें ‘गणित’ ह्यापुढें पायरी २ लिहिली होती, ती खोडून ३ केली होती, आणि खालीं पेन्सिलीनें टीप होती : ‘आई म्हणाली, पहाटे घाऊक भाव पाहून दिवसभराचा किरकोळ भाव ठरवायचा, नासाडी धरायची, आणि कोणाकडे किती उधारी तें डोक्यांत ठेवायचें, हें लिहिलेंस का ?’ ‘रागावलेल्या माणसांशीं गांठ’ ह्यापुढें ५ होते. ‘किती वेळ उभें राहणें’ ह्यापुढेंही ५, आणि त्यापुढें कंसांत, बसायला जागा नसते.